शिरका आणि मधुमेह

मराठ्यांच्या आरमाराने १७७२ साली ‘सांताना’ या पोर्तुगीज युद्धनौकेचे नुकसान केले. त्याच्या भरपाईदाखल १७८३ मध्ये नगर हवेलीतील ७२ गावांचा महसूल पोर्तुगिजांना तोडून देण्यात आला. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त होईपर्यंत हा मुलूख त्यांच्या अमलाखाली राहिला. या राज्यकर्त्यांच्या मुदपाकखान्यात शिरक्याला मानाचे स्थान होते. लसूण आणि आंबलेली द्राक्षमदिरा यांत मांस मुरवून टिकविण्याची त्यांची रीत गोव्यात आली, तेव्हा द्राक्षांची जागा माडाने घेतली. माडी आंबवून शिरका निघू लागला. विंदालू हे त्याच रीतीचे अपत्य होय.

शिरका औषध म्हणूनही घेतला जाई. आपल्या वैद्यकग्रंथांत ‘शुक्त’ नावाच्या आंबविलेल्या द्रवाचा उल्लेख आहे. पाश्चात्त्य देशांत मधुमेहाचे रोगी शिरका घातलेले काढे पीत. १९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन हाती आणण्यापूर्वी त्यांना दुसरा आधार तरी कोणता होता? उपासमारीचा!

या समजुतीची शास्त्रीय कसोटी मात्र फार उशिरा लागली. अॅरिझोनातील कॅरोल जॉन्स्टन यांनी २००४ साली २९ जणांना पिष्टमय न्याहारीपूर्वी २० ग्रॅम शिरका पाण्यात मिसळून दिला. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झालेल्या, परंतु मधुमेह न जडलेल्या लोकांत त्याची संवेदनक्षमता ३४ टक्क्यांनी वाढली; मधुमेहींत ही वाढ अवघी १९ टक्के होती. शिरक्यातील अॅसेटिक आम्लामुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते आणि पिष्टाची साखर रक्तात हळूहळू उतरते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. सिल्वासाच्या परिसरातील वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांच्या ताटात भात आणि नागली असते. तेव्हा पिष्टाचा हा प्रश्न तेथेही परका नाही.

तथापि एका जेवणानंतरची साखर थोडी उतरणे निराळे आणि रोग हटणे निराळे. शिरक्याने वजन झपाट्याने घटते, असे सांगणारा लेबनॉनमधील एक अभ्यास २०२४ साली ब्रिटिश नियतकालिकात आला. वृत्तपत्रांनी त्याचा गाजावाजा केला. आकडेवारी विश्वसनीय नसल्याचे आढळून २०२५ साली तो मागे घेण्यात आला. त्या वार्तेला मात्र तेवढी जागा मिळाली नाही.

निर्जळ शिरक्याने दातांचे आवरण झिजते आणि अन्ननलिकेला इजा होते. ज्यांचे जठर मधुमेहामुळे आधीच मंदावले आहे, त्यांना तो अधिकच बाधतो. इन्सुलिन घेणाऱ्याने वैद्याला न विचारता तो सुरू केला, तर साखर अकस्मात उतरण्याचे भयही असते.