बनारसचा बर्फ आणि गाडीतला फ्रीज

सध्या पोस्टिंग वाराणसीत आहे. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीची भट्टी होते. आई माझ्याकडेच असते. तिचं न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणून लांबच्या प्रवासात गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा फ्रीज बरोबर असतो. तो गार कसा राहील या विचारात असताना याच शहराचा एक जुना धंदा वाचनात आला.

१७९३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जॉन लॉइड विल्यम्स यांनी बनारसमध्ये बर्फ कसा करतात ते लिहिलं. त्याआधी १७७५ मध्ये सर रॉबर्ट बार्कर यांनी तिथेच अलाहाबादची पद्धत दिली होती. बार्कर फौजी, कंपनीच्या बंगाल फौजेचे सरसेनापती राहिलेले. त्यांची मापं चोख आहेत. मोकळ्या मैदानात ३० फूट चौरस, २ फूट खोल खड्डे. तळाला उसाचं पाचट किंवा मक्याची वाळलेली ताटं, ८ इंच ते फूटभर. त्यावर मातीच्या उथळ थाळ्या. हिवाळ्यात तिन्हीसांजेला उकळून निववलेलं पाणी त्यांत ओतायचं आणि सूर्योदयापूर्वी बर्फ उचलायचा.

हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही पाणी गोठतं, हे विल्यम्स यांनी थर्मामीटर लावून पाहिलं. त्याचा उलगडा विल्यम वेल्स यांच्या दवावरच्या १८१४ च्या निबंधात झाला. निरभ्र रात्री पाणी आपली उष्णता आकाशाकडे सोडतं आणि कोरडं पाचट जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. वारा सुटला किंवा ढग आले की रात्र फुकट.

पण खरी कसोटी पुढे होती. हिवाळ्यातला बर्फ उन्हाळ्यापर्यंत टिकवायचा. त्यासाठी १४-१५ फूट खोल खड्डा, आतून पेंढा आणि जाड कांबळी. बर्फ धुमसाने ठोकून घट्ट बसवायचा, तोंड पुन्हा पेंढ्याने आणि कांबळ्यांनी बंद करायचं, वर छप्पर. घट्ट बसलेल्या बर्फाला आत हवा खेळायला जागा उरत नाही, म्हणून तो सावकाश वितळतो.

या माणसांनी गारवा रात्री कमावला आणि दिवसा फक्त राखला. गाडीतल्या फ्रीजलाही हेच लागू आहे. आदल्या रात्री घरच्या विजेवर तो पूर्ण गार करा. सामानही आधीच गार करून भरा आणि रिकामी जागा गार पाण्याच्या बाटल्यांनी भरून काढा. झाकण कमीत कमी उघडा. गाडी सावलीत लावा, पण जाळीवर कापड टाकू नका, आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. खरेदी करताना कॉम्प्रेसरवाला घ्या. बिनकॉम्प्रेसरचे स्वस्त डबे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण २० अंशच खाली जातात. ४५ मधून २० गेले तर उरतात २५, आणि तेवढ्यात इन्सुलिनचा साठा ठेवता येत नाही. एक मात्र सांभाळा: इन्सुलिन बर्फाला टेकवू नका. गोठलं की ते वाया जातं.