‘उगवत्या सूर्याचे घर’ : एका गाण्याची मालकी

गाणे कोणाचे, या प्रश्नाला आपण सहसा चटकन उत्तर देतो : ज्याने रचले त्याचे. परंतु ज्या गाण्याचा रचनाकार कोणासच ठाऊक नाही, त्याचे काय? या प्रश्नाचा विचार करावयास ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ या गाण्याइतके बोलके उदाहरण आम्हांला दुसरे दिसत नाही. १९६४ साली ते इंग्लंडात आणि अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. रॉक संगीताच्या इतिहासात त्याचे स्थान अढळ आहे. त्या तबकडीवर कोणाचे नाव छापले गेले आणि कोणाचे राहून गेले, हे आज आपण पाहू.

गाण्याचा विषय साधा आहे. न्यू ऑर्लिन्स शहरातील एका घराने एका जीवाचे वाटोळे केले; निदान धाकट्या भावंडांनी तरी त्या वाटेला जाऊ नये, अशी विनवणी त्यात आहे. ते घर म्हणजे कुंटणखाना की तुरुंग, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ज्ञात असलेले त्याचे पहिले ध्वनिमुद्रण १९३३ सालचे, क्लॅरेन्स ॲशली आणि ग्वेन फॉस्टर यांचे. आपण हे गाणे आजोबांकडून शिकलो, असे ॲशली सांगे. म्हणजे जात्यावरची ओवी जशी माहेराहून सासरी जाते, तसेच हे गाणे तोंडातून तोंडी गेलेले होते.

१९३७ साली अ‍ॅलन लोमॅक्स हा बावीस वर्षांचा तरुण अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी लोकगीते गोळा करीत केंटकी प्रांतात हिंडत होता. मिडल्सबरो या गावी त्याने जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीकडून हे गाणे मुद्रित करून घेतले. ती खाणकामगाराची मुलगी. तिच्या तोंडी ही व्यथा एका मुलीची होती. लोमॅक्सने १९४१ साली आपल्या संग्रहात हे गीत छापले आणि तिचे नाव नोंदवले, ही गोष्ट त्याच्या पदरी टाकलीच पाहिजे.

तेथून गाणे शहरात आले. वुडी गथ्री, लेड बेली, जॉश व्हाइट यांनी ते गायिले. न्यूयॉर्कमध्ये डेव्ह व्हॅन राँक या गायकाने त्याला नवी स्वरसंगती दिली. त्याचा तरुण मित्र बॉब डिलन याने तीच स्वरसंगती, त्याची संमती न घेता, १९६१ च्या नोव्हेंबरात मुद्रित केली. परिणाम असा झाला की, व्हॅन राँक ते गाऊ लागला की लोक म्हणत, याने डिलनचे गाणे उचलले! पण पुढे डिलनवरही तीच पाळी आली.

ती आणली न्यूकॅसलच्या पाच तरुणांनी. एरिक बर्डन, अ‍ॅलन प्राइस, हिल्टन व्हॅलेंटाइन, चास चँडलर आणि जॉन स्टील यांचा ‘दि अ‍ॅनिमल्स’ हा संच १९६४ च्या मे महिन्यात चक बेरीबरोबर इंग्लंडभर दौऱ्यावर होता. हे गाणे आपण न्यूकॅसलच्या जॉनी हँडल या लोकगायकाकडून ऐकले, असे बर्डन सांगे. डिलनच्या तबकडीचा प्रभाव तर उघडच होता. १८ मे रोजी लंडनच्या किंग्जवे भागातील स्टुडिओत मुद्रण झाले आणि पहिलेच गायन पसंत पडले. स्वर एकत्र न छेडता एकामागून एक उलगडीत नेणारी व्हॅलेंटाइनची गिटार, प्राइसचा ऑर्गन आणि बर्डनचा खर्जातून टिपेला जाणारा आवाज यांनी जुन्या गाण्याचे रूप पालटले. मुलीची व्यथा आता मुलाची झाली. जुगारी प्रियकराच्या जागी जुगारी बाप आला. त्या काळी अशी गाणी सुमारे तीन मिनिटांची असत, हे साडेचार मिनिटांच्या घरात गेले. तरीही जुलैत ते इंग्लंडात अग्रस्थानी पोहोचले आणि सप्टेंबरात अमेरिकेत तीन आठवडे तेथे राहिले.

आता खरा मुद्दा. गाणे परंपरागत असल्याने रचनाकार म्हणून कोणाचे नाव घालता येत नव्हते; संयोजक म्हणून मात्र घालता येत होते. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर पाच नावे मावणार नाहीत, म्हणून एकट्या प्राइसचे नाव घातले गेले, असे संचातील मंडळींनी पुढे सांगितले. संयोजनाचे स्वामित्वधन त्यामुळे प्राइसला मिळत राहिले. १९६५ साली तो संचातून बाहेर पडला. इतरांच्या मनातील सल मात्र पुढे कित्येक दशके गेला नाही.

प्राइसचे श्रम खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु इतर चौघांची तक्रार रास्त मानली, तर मग व्हॅन राँकची का मानू नये? आणि ज्या मुलीच्या कंठातून हे गाणे ग्रंथात आले, तिची का नाही? जॉर्जिया टर्नर १९६९ साली वारली. जगभर गाजलेल्या या गाण्याच्या उत्पन्नातून तिच्या हाती पडले ते अगदी क्षुल्लक. तिच्यामागेही न जाणो किती अनाम गळे उभे आहेत.

कायद्याला नाव लागते, आणि जे कागदावर आहे तेवढेच त्याला दिसते. हा कायद्याचा दोष नव्हे, ती त्याची मर्यादा आहे. इतिहासाने ती मर्यादा स्वतःवर घालून घेण्याचे मात्र काहीच कारण नाही. तबकडीवर एकाच नावापुरती जागा होती. आपल्या स्मरणात सर्वांपुरती आहे.