'सीजीपीए'चे गणित श्रेयांकांवर

टक्क्यांऐवजी 'सीजीपीए'चा आकडा पाहून अनेक पालक आजही गोंधळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या दहा अंकी श्रेणीपद्धतीत 'ओ' म्हणजे १०, 'ए प्लस' ९, 'ए' ८, तर 'बी' ६ गुणांक. प्रत्येक विषयाच्या गुणांकाला त्याच्या श्रेयांकांनी, म्हणजेच क्रेडिटनी, गुणून बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागले की सत्राची सरासरी मिळते. खरी मेख येथेच आहे. २० श्रेयांकांच्या सत्रात ४ श्रेयांकांच्या विषयात 'बी'वरून 'ए' मिळवल्यास सरासरी ०.४ने वाढते; २ श्रेयांकांच्या विषयात तेवढीच झेप ०.२ची भर घालते. सोप्या, छोट्या विषयांत रमण्याचा मोह मात्र सुटत नाही. अनुत्तीर्ण विषयाचा गुणांक शून्य असल्याने तो आधी सोडवणे इष्ट. टक्केवारीसाठी सरसकट दहाने गुणू नये. सूत्र विद्यापीठागणिक बदलते.