शाक्केत्रा

शाक्केत्रा : इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरिया प्रदेशातील चिंक्वे तेर्रे भागात होणारी गोड वाइन. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कॉर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे या पाच गावांच्या माथ्यावरील उतारांवर तिचे द्राक्षमळे आहेत. तिला आणि याच मळ्यांतल्या कोरड्या पांढऱ्या वाइनला १९७३ पासून ‘डीओसी’ हा मूळस्थानाचा दर्जा आहे.

डोंगर इथे थेट समुद्रात उतरतो. खडक मुख्यतः वालुकाश्म आणि शेल. वरची माती उथळ, खडकाळ, पाणी न धरणारी. सपाट जमीन नव्हतीच, ती करावी लागली. सुमारे हजार वर्षे शेतकऱ्यांनी उतार खोदून, निघालेल्या दगडांचे चुन्याशिवाय गडगे रचले आणि त्यांच्यामागे माती भरून पायऱ्या केल्या. त्यामुळे या वाइनमधला जमिनीचा गुण निम्मा तरी माणसाच्या हातचा आहे. १९९७ मध्ये युनेस्कोने हा भाग जागतिक वारसा ठरवला, तो याच घडवलेल्या भूदृश्यासाठी.

पाठीमागचे डोंगर उत्तरेचे गार वारे अडवतात. समोरून ऊन आणि खारा वारा येतो. वाऱ्याला तोंड देण्यासाठी वेली बुटक्या मांडवांवर चढवण्याची जुनी रीत आहे. मुख्य जात बोस्को (किमान ४० टक्के), जोडीला अल्बारोला आणि वेर्मेंतिनो. बोस्कोची साल जाड असल्याने ती सुकवणीत टिकते, आणि शाक्केत्राचे सारे मर्म सुकवणीतच आहे. निवडक घड उन्हात न टाकता हवेशीर सावलीत ठेवतात; १ नोव्हेंबरपूर्वी रस काढण्यास नियमाने मनाई आहे. मग मणी हाताने खुडून आंबवतात. रंग सोनेरी ते अंबरसारखा; चवीला मध, सुकी जर्दाळू आणि शेवटी किंचित खारटपणा. हा खारटपणा नसता तर ती नुसती गोडमिट्ट झाली असती. पूर्वी घरोघरी ती लग्न-बारशासाठी राखून ठेवत.

उतारावर ट्रॅक्टर चालत नाही. एका रुळावरच्या छोट्या गाड्यांनी माल वाहतात, बाकी काम हातानेच. विसाव्या शतकात अनेकांनी शेती सोडली. बिनराखणीचे गडगे ढासळतात आणि त्यांच्याबरोबर डोंगरही सुटतो. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखल-दगडांनी भरून गेली.

सुकवणीत वजन फार घटत असल्याने उत्पादन थोडे आणि किंमत चढी असते. साध्या वाइनच्या दरात हे नाव दिसले, तर ग्राहकाने शंका घ्यावी.