जत्रेची तारीख गावाच्या हाती

कोकणच्या किनाऱ्यावर सुट्टीला येणारा माणूस आता समुद्र आणि मासळी एवढ्यावर परत जात नाही. त्याला शिमग्याची पालखी पाहायची असते, देवळापुढच्या दहीकाल्याला रात्र जागवून दशावतार बघायचा असतो, आंगणेवाडीला भराडीदेवीच्या रांगेत उभे राहायचे असते. या येण्याबद्दल एक तक्रार सतत ऐकू येते: हे उत्सव गावाचे आणि गावापुरते, बाहेरच्यांची वर्दळ वाढली की त्यांचा बाजार होतो. तक्रारीमागची कळकळ खरी आहे, तिच्यातला इतिहास मात्र टिकत नाही. गेली किमान शंभर-सव्वाशे वर्षे कोकणातला मोठा उत्सव गावात राहणाऱ्यांच्या एकट्यांच्या बळावर झालेला नाही. रजा काढून मुंबईहून येणाऱ्या माणसाने तो पेलला, आणि तरीही तो गावाचाच राहिला.

कावसजी दावर यांची कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली आणि पुढच्या पिढीतच मुंबईचे मनुष्यबळ कोकणातून येऊ लागले. १८८१ च्या जनगणनेत मुंबईच्या पावणेआठ लाख वस्तीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लाखाहून अधिक होते. तेव्हा आजचा सिंधुदुर्गाचा बराचसा भाग त्याच जिल्ह्यात होता. बाप्ये गिरणीत आणि गोदीत, बायका-मुले व म्हातारी माणसे गावी शेतावर, अशी घरे दुभंगली. शिमग्यात पालखी दारोदार जाते. तिला खांदा द्यायला, नाचवायला, होळीचे झाड तोडून गावात आणायला तरणी माणसे लागतात, आणि ती तर परळ-लालबागच्या चाळींत होती. म्हणून चाकरमान्याचे येणे ही उत्सवाची शोभा नव्हती, गरज होती. समुद्रही सोयीचा होता. फाल्गुनात दर्या शांत असतो, त्यामुळे भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी हर्णै, जयगड, देवगड, मालवण अशी बंदरे घेत माणसे उतरवत. पावसाळ्यात हीच वाहतूक बंद पडे. गणपतीला आज दिसणारी अफाट गर्दी पुष्कळशी एसटीच्या आणि पुढे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झालेल्या कोकण रेल्वेच्या बळावर वाढली, असे मला वाटते. मुंबईत एकेका गावाच्या माणसांनी खोल्या घेतल्या, मंडळे काढली, वर्गणी जमवली. देवळाचा जीर्णोद्धार, पालखीची चांदी यांसाठी पैसा तिथून आला. नमन-खेळे आणि शक्ती-तुरा परळच्या दामोदर नाट्यगृहापर्यंत पोहोचले. गोव्याच्या खलाशांनीही धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत, आपापल्या गावच्या संताचे फेस्त सांभाळले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे दिवस संपले, पण ये-जा थांबली नाही.

यावर कुणी म्हणेल की चाकरमानी परका कुठे होता? त्याचे घर गावात, त्याचा मान देवळात. पर्यटकाकडे यातले काहीच नसते. आक्षेप वजनदार आहे आणि त्यातूनच मुख्य गोष्ट हाती लागते. गावऱ्हाटीत कोणी काय करायचे हे ठरलेले असते: पहिला मान कोणाचा, गाऱ्हाणे कोण घालणार, पालखी कोणत्या वाडीतून आधी जाणार. पैसे मुंबईहून आले तरी हे अधिकार पैशाबरोबर गेले नाहीत. मसुऱ्याच्या आंगणेवाडीची जत्रा आंगणे कुटुंबीयांच्या देवीची. आज तिथे लाखो माणसे येतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा त्या वाडीशी नात्याचा संबंध नसतो. तरी नैवेद्य वाडीतल्या बायाच मौन पाळून रांधतात, आणि जत्रेचा दिवस पंचांगावर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरतो. म्हणजे परक्यांची गर्दी आणि गावाचा हक्क एकत्र नांदू शकतात. तिथे पुढाऱ्यांचे फलक लागतात, हे खरे. पण फलकांनी दिवस बदललेला नाही.

ही मानाची व्यवस्था निर्दोष आहे असा माझा दावा नाही. तिच्यात जातींची उतरंड आहे, मानपानावरून भाऊबंदकी पेटते, वाद कोर्टापर्यंत जातात. हे बदलायलाच हवे. मात्र ते गावाने आतून बदलणे वेगळे आणि पाहुण्यांच्या सोयीने उत्सवच दुसऱ्या हाती जाणे वेगळे. गोव्यात दोन्ही एकाच वेळी दिसते. पर्यटन खात्याच्या शिमग्याच्या चित्ररथ मिरवणुका शहराशहरांत वेगवेगळ्या दिवशी काढल्या जातात. सुट्टी बेतणाऱ्याला ते सोयीचे आणि त्या बघाव्यातही. खेड्यातला शिगमो मात्र आपल्या मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या जागी, आपल्या तिथीला होतो. मिरवणूक बघून शिगमो बघितला असे समजणे हे पाहुण्याचे नुकसान आहे, कारण मांडावर जे घडते ते बघणाऱ्यांसाठी घडत नसते.

तेव्हा पर्यटकाला अडवण्याने काही साधणार नाही. त्याने गावाच्या वेळेशी जुळवून घ्यावे, इतकी अपेक्षा रास्त आहे, आणि ती अवास्तवही नाही. आंगणेवाडीची तारीख आधी जाहीर होते आणि कोकण रेल्वेच्या जत्रा विशेष गाड्यांचे वेळापत्रक नंतर लागते.