गोव्याची पिवळी भुकटी

अंगावर लाल, खाजरे, गोल कडे उठले की आपल्याकडे त्याला सरळ नायटा म्हणतात. ही खोड जुनी आहे. पावसाळ्यात कोकणात ज्याची भाजी होते त्या टाकळ्याचे संस्कृत नाव चक्रमर्द, म्हणजे कडे चिरडणारा. दद्रुघ्न, म्हणजे नायटा नाहीसा करणारा, असेही दुसरे नाव. रोग आकारावरून ओळखला आणि वनस्पती रोगावरून. बऱ्याच वेळा हे बरोबरही ठरे, कारण नायट्याची बुरशी कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिनवर जगते आणि मधून बाहेर सरकते. मधला भाग निवळतो, कड तेवढी लाल आणि खवलेदार राहते. पण कडे म्हणजे नायटाच, हे खरे नव्हे, आणि त्याचा चांगला पुरावा गोव्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या एका भुकटीच्या इतिहासात सापडतो.

१८६४ साली मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी 'गोवा पावडर' इंग्लंडातल्या जाणकारांच्या नजरेस आणली. लिंबाच्या रसात कालवून ती नायट्यावर लावत. ताजी असताना फिकट पिवळी, मग हवा लागून तपकिरी होणारी. कातडी आणि कपडे डागाळायचे, डोळ्यांत गेली तर डोळे सुजायचे. गोव्यात मात्र ती तयार होत नव्हती. ब्राझीलमधल्या बाहियाच्या डॉ. दा सिल्वा लिमा यांनी १८७० च्या दशकात दाखवून दिले, की तिथल्या आरारोबा झाडाच्या खोडातल्या पोकळ्यांतून ती खरवडून काढतात. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती इकडे आली होती. पुढे १८७६ मध्ये लंडनच्या बाल्मनो स्क्वायर यांनी लिहिले, की नायटा समजून भुकटी लावलेल्या रुग्णाचा आजार प्रत्यक्षात सोरायसिस होता, आणि तो उतरला. त्याच वाटेने १९१६ मध्ये जर्मनीत डिथ्रॅनॉल हे सोरायसिसचे औषध तयार झाले.

गुण आला ना, मग कारण कशाला शोधायचे, असे कोणी म्हणेल. खाजेने झोप उडालेल्या माणसाचा हा प्रश्न रास्तच आहे. पण तिथे निदान चुकूनही औषध लागू पडले, हे नशीब. कुष्ठरोगाचा चट्टाही कड्यासारखा असू शकतो. गोचीड चावल्यावर पसरत जाणारे कडे स्वीडनच्या आफ्झेलियस यांनी १९०९ मध्ये मांडले. ते बुरशीचे नव्हे, पुढे लाइम रोग म्हणून कळलेल्या जिवाणूजन्य आजाराचे. आणि आज नायट्यावरच स्टिरॉइडमिश्रित मलम लावले तर लाली आणि खाज उतरते, कड पुसट होते, बुरशी मात्र आत फोफावते. अशा लपलेल्या नायट्याला १९६८ मध्ये स्वतंत्र नाव द्यावे लागले, आणि आपल्या सरकारने २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली.

प्रत्येक गावात सूक्ष्मदर्शक कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे. तो असेल तिथे कडेचे चार खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवले, की बुरशीचे धागे दिसतात. नसेल तिथेही पहिली शंका, कुष्ठरोगाच्या बधिर चट्ट्याची, फेडता येते: डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर कापसाचे टोक फिरवायचे आणि स्पर्श कळतो का, ते विचारायचे.