शाळेच्या फाटकाशी थांबलेली विद्या

दिवाळीच्या अंकात जखमा आणि पट्ट्या यांचा इतिहास कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाचकहो, विचार करून पाहा. कढईतले तेल हातावर उडते ते याच दिवसांत, अनाराने बोट भाजते ते याच दिवसांत, आणि आकाशकंदिलाची वायर गॅलरीबाहेर काढताना झटका बसतो तोही याच दिवसांत. तेव्हा प्रथमोपचार हा विषय सणाच्या पंगतीत अगदीच परका नाही.

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झाल्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि मुलुंडच्या एका शाळेत लागलो. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. वैद्यकाशी माझा संबंध काय तो रोगी म्हणूनच. तरीपण या विद्येचा प्रवास मी गेली काही वर्षे जमेल तसा वाचीत आलो, आणि एक गोष्ट मनाला फार लागली. ही विद्या रणांगणावर जन्मली, कारखान्यांत गेली, रेल्वेत गेली, गणवेशातल्या मुलांकडे गेली. पण साध्या शाळेतल्या साध्या मुलापाशी मात्र ती धडपणे कधी पोचली नाही. तिची ही हकीकत.

२४ जून १८५९ रोजी इटलीत सोल्फेरिनो येथे मोठी लढाई झाली. आंरी द्यूनां नावाचा जिनिव्हाचा एक व्यापारी आपल्या कामासाठी तिकडे गेला होता. हजारो जखमी मैदानात तळमळत पडले होते आणि त्यांना पाणी द्यायलाही कोणी नव्हते. त्याने जवळच्या गावातल्या बायाबापड्यांना हाताशी धरले. शत्रू-मित्र न पाहता त्या बायकांनी जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. पुढे १८६२ मध्ये द्यूनांने या अनुभवावर पुस्तक लिहिले व त्यातूनच रेडक्रॉसचा जन्म झाला. यातली मौज अशी, की पहिला हात लावला तो डॉक्टरांनी नव्हे, शेजारच्या बायकांनी.

लढाईतली ही विद्या नागरिकांना रीतसर शिकवावी असे मनात आले ते पीटर शेपर्ड या लष्करी शल्यवैद्याच्या. त्याने १८७८ मध्ये लंडनजवळ वुलिच येथे सामान्य लोकांसाठी वर्ग सुरू केला. तो वर्ग भरला कोठे? एका शाळेच्या दिवाणखान्यात! पुढच्याच वर्षी, २२ जानेवारी १८७९ रोजी, दक्षिण आफ्रिकेत इसांडल्वाना येथे शेपर्ड मारला गेला. पण त्याचे हस्तपुस्तक त्याच्यामागून छापले गेले आणि वर्ग वाढत राहिले. त्याच सुमारास जर्मनीत कील येथे एस्मार्क नावाचा शल्यवैद्य होता. त्याने तिकोनी पट्टी लोकप्रिय केली, आणि ती कशी बांधावी याची चित्रे चक्क पट्टीच्या कापडावरच छापून टाकली! वाचता न येणाऱ्या शिपायालाही ती चित्रे पाहून हात गळ्यात अडकवता येई. चित्रकलेच्या मास्तरास या माणसाविषयी आदर वाटावा यात नवल ते काय?

आपल्याकडे ही विद्या आली तिची एक वाट गांधीजींच्या हातून गेली आहे. १८९९ मध्ये बोअर युद्धात त्यांनी सुमारे अकराशे हिंदी लोकांचे शुश्रूषापथक उभारले, हे पुष्कळांना ठाऊक असते. १९१४ ची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. महायुद्ध सुरू होताच ते लंडनला पोचले, तेव्हा तिथल्या हिंदी मंडळींचे पथक काढायचे ठरले. त्यांना सहा आठवडे प्रथमोपचार शिकवले ते डॉ. जेम्स कँटली यांनी. चीनच्या सन यत्सेनचे गुरू आणि १८९६ मध्ये लंडनच्या चिनी वकिलातीतून त्यांची सुटका घडवून आणणारे तेच हे कँटली. वर्गात जवळजवळ ऐंशी जण होते. सहा आठवड्यांनी परीक्षा झाली आणि एक सोडून बाकी सारे उत्तीर्ण झाले. पंचेचाळिशीला टेकलेले बॅरिस्टर गांधी पट्टी बांधण्याच्या परीक्षेला बसले होते, हे चित्र माझ्या वर्गातल्या मुलांना मी आवर्जून सांगतो.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहात आमच्या उपनगरात विलेपार्ल्याला मोठी छावणी पडली होती. जमनालाल बजाज तिचे पुढारी. त्याच लढ्यात २१ मे रोजी धारासण्याच्या मिठागरावर सत्याग्रहींची डोकी फुटली. वेब मिलर या अमेरिकन बातमीदाराने तिथे जे पाहिले त्यात एक तपशील असा, की जखमींना उचलायला माणसे आणि स्ट्रेचर अपुरे पडले, तेव्हा ब्लँकेटांचेच स्ट्रेचर करण्यात आले. हे ब्लँकेट वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

आता शाळेकडे वळू. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. मुलांच्या शारीरिक शिक्षणाचा विचार करायला स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि १९३८ मध्ये सरकारने कांदिवलीस शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षणसंस्था काढली. कांदिवली तेव्हा झाडीतले खेडे. सरकारने ‘मुलांनी व्यायाम करावा’ असा नुसता हुकूम काढून समाधान मानले नाही. शिकवणारा मास्तर आधी तयार केला. एखादा विषय शाळेत रुजवायचा तर तो असा. प्रथमोपचाराच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. तो बालवीरांच्या पथकात राहिला, १९४८ नंतर राष्ट्रीय छात्रसेनेत राहिला. म्हणजे ज्या मुलाच्या अंगात गणवेश त्याच्या हातात पट्टी. वर्गातल्या उरलेल्या मुलांनी लांबून पाहावे.

कारखान्यांची गोष्ट वेगळी. १९४८ च्या कारखाने कायद्याने दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचाराची पेटी आणि ती सांभाळायला शिकलेला माणूस ठेवणे बंधनकारक केले. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात त्यानंतरच्या काळात कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांतल्याच एका कारखान्यात माझे वडील फिटर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. सातवी शिकलेले अण्णा पेटीवरचे माणूस होते, आणि त्यांच्याजवळ प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र होते. लग्नाच्या फोटोशेजारी त्यांनी ते चौकटीत लावले होते.

मी लहान असताना आमच्या घाटकोपरच्या चाळीत धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कंदील लावताना एका मुलाला शॉक बसला. दोन-तीन माणसे त्याला धरायला धावली. अण्णा ओरडले, “कुणी हात लावू नका त्याला!” आधी त्यांनी मेन स्विच पाडला. मुलाचा श्वास चालत नव्हता. अण्णांनी त्याला गॅलरीत पालथे घातले, डोक्याशी गुडघे टेकून बसले, आणि पाठीवर दाब द्यायचा, मग कोपरे धरून वर उचलायचे, पुन्हा दाब, पुन्हा उचल, असे सुरू केले. तोंडाने ते आकडे मोजत होते. बायका रडत होत्या. किती वेळ गेला कोण जाणे, पण पोरगा खोकला. आज तो दोन मुलांचा बाप आहे.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात खालच्या मजल्यावरचे एक पेन्शनर गृहस्थ जिन्यात कोसळले. अण्णा दुसऱ्या पाळीला होते. कोणी कांदा हुंगवला, कोणी तळपाय चोळले, कोणी तोंडात पाणी घातले. एक जण डॉक्टरांकडे पळाला. डॉक्टर आले, त्यांनी डोळे पाहिले आणि मान हलवली. अण्णा असते तर ते वाचलेच असते, असे मी म्हणत नाही. पण त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. आईला म्हणाले, “चाळीत साठ बिऱ्हाडं, आणि एकालाच येतंय. हे काय बरोबर नाही.” इतिहासाच्या पुस्तकांत मला जे पुढे सापडले ते अण्णांनी एका वाक्यात सांगून टाकले होते. विद्या एकाच्याच हातात असली, की ती त्याच्या पाळीप्रमाणे येते आणि जाते.

अण्णांची ती पाठ दाबण्याची रीत होल्गर नील्सन या डेन्मार्कच्या लष्करी अधिकाऱ्याने १९३२ मध्ये मांडलेली. तिच्याआधी १९०३ ची शेफरची रीत होती, तिच्याआधी १८५८ ची सिल्व्हेस्टरची. १९५० नंतरच्या दहा वर्षांत तोंडाने श्वास देणे अधिक गुणकारी असे सिद्ध झाले, आणि १९६० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे काउवेनहोव्हन, ज्यूड व निकरबॉकर यांनी बंद पडलेले हृदय छाती न उघडता, नुसत्या हातांच्या दाबाने रक्त पुढे ढकलू शकते हे दाखवले. त्यांतले काउवेनहोव्हन डॉक्टर नव्हते. विजेचे इंजिनियर होते. आज आपण ज्याला सी.पी.आर. म्हणतो ते इथून सुरू झाले. त्याच वर्षी नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने सरावासाठी माणसाएवढी बाहुली तयार केली. जिवंत माणसाच्या छातीवर सराव करता येत नाही, बाहुलीवर येतो. आणि बाहुली म्हटली की मुले आलीच! १९६१ च्या सुमारास नॉर्वेतल्या शाळांतून हे शिक्षण सुरूही झाले.

डेन्मार्कने २००५ मध्ये शाळांत ते कायद्याने आणले, मग वाहनाचा परवाना मागणाऱ्यांनाही लावले. तिथला हिशेब पाहण्यासारखा आहे. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या १०० माणसांपैकी २००१ मध्ये २१ जणांना जवळच्यांनी छातीदाब दिला होता. २०१० मध्ये ४५ जणांना. महिन्यानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा साडेतीनवरून जवळजवळ अकरावर गेले. इतरही सुधारणा झाल्या होत्या, सारे श्रेय शाळेचे नव्हे; पण शाळेचा वाटा त्यात आहेच. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका योजनेला पाठिंबा दिला. तिची मागणी किती? बारा वर्षांपासून पुढच्या मुलांना वर्षाला फक्त दोन तास.

आमच्या उपनगराला हे दोन तास महाग आहेत का? आमचा अलीकडचा इतिहासच चाळून पाहा. २ डिसेंबर २००२, घाटकोपरला बसमध्ये स्फोट. १३ मार्च २००३, मुलुंड स्थानकात लोकलमध्ये स्फोट. २६ जुलै २००५, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. ११ जुलै २००६, संध्याकाळी अकरा मिनिटांत सात स्फोट. जोगेश्वरी आणि बोरिवली त्यांतच. १३ मे २०२४, घाटकोपरला जाहिरातीचा अजस्र फलक पेट्रोलपंपावर कोसळला, १७ माणसे गेली. २००६ च्या त्या संध्याकाळी रुळांकडेच्या झोपड्यांतून लोक धावत आले. त्यांनी घरातल्या चादरी आणल्या आणि त्यांत घालून जखमींना उचलले. धारासण्याचे ब्लँकेट शहात्तर वर्षांनी पुन्हा उघडले गेले होते! आमच्या माणसाला धावायला शिकवावे लागत नाही. धावून गेल्यावर काय करायचे, तेवढेच त्याला कोणी शिकवलेले नसते.

पूर्वी लोक पोलिसांच्या ससेमिऱ्याला भीत. तीही सबब आता उरली नाही. जखमीवर आधी उपचार, कागद नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले. २०१६ मध्ये अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या नियमांना न्यायालयाने बळ दिले, आणि २०१९ मध्ये ते संरक्षण मोटारवाहन कायद्यात आले. तोंडाला तोंड लावण्याचा संकोचही मिटला. २०१७ मध्ये भारतीय भूलतज्ज्ञांनी सामान्य माणसासाठी ठरवलेल्या पद्धतीत केवळ छातीदाब आहे. माणूस हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही, असे दिसताच १०८ ला फोन करायचा, आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला सुमारे १२० वेळा, दोन इंच खोल दाबत राहायचे. दाब न मिळता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची आशा शेकडा सात ते दहाने घटते. स्टेशन रोडच्या संध्याकाळच्या गर्दीतून रुग्णवाहिकेने किती मिनिटांत यावे, ते मुलुंड-अंधेरीकरांना मी सांगायला नको.

राहिला आम्हा मास्तरांचा प्रश्न. “आणखी एक विषय? आधीचेच उरकत नाहीत!” असे शिक्षकांच्या खोलीत ऐकू येते, आणि ते खोटे नाही. निवडणूक, जनगणना, निरनिराळी सर्वेक्षणे हे सारे आमच्या डोक्यावर असते. पुस्तकात प्रथमोपचाराचा धडा असतो. मुले ‘रिकाम्या जागा भरा’ सोडवतात आणि गुण घेतात. पण पोहणे जसे पुस्तकातून येत नाही तसे हेही येत नाही. म्हणून कांदिवलीचा १९३८ चा धडा पुन्हा गिरवावा असे मला वाटते. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आधी नीट तयार करावेत, चार शाळांत मिळून एक बाहुली असावी, आणि नववीच्या प्रत्येक मुलामुलीने, गणवेश असो वा नसो, ते हाताने करून दाखवल्यावाचून दहावीत जाऊ नये. दर वर्षी ते पुन्हा करावे. कारण सिल्व्हेस्टरपासून आजवर रीत इतक्यांदा बदलली, की एकदा शिकून भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र पुरत नाही, मग ते कितीही अभिमानाचे असो.

शेपर्डचा पहिला वर्ग शाळेच्याच दिवाणखान्यात भरला होता. तेव्हा शाळेत ही विद्या आणणे म्हणजे नवी गोष्ट करणे नव्हे. माहेरवाशिणीला घरी आणण्यासारखेच ते आहे. आमच्या शाळेतून दर वर्षी तीनशे मुले बाहेर पडतात. ती तीनशे घरांत, तीनशे जिन्यांवर राहतात. कोणी पहिल्या पाळीला असेल, कोणी दुसऱ्या. पण त्यांतले कोणीतरी घरी असेलच.